बोधिवृक्ष

बोधिवृक्ष : ज्या पिंपळाखाली ध्यानस्थ बसले असता सिद्धार्थ गौतमांना संबोधी (पूर्ण ज्ञान) प्राप्त झाली असे बौद्ध परंपरा मानते, तो बिहारमधील बोधगया येथील वृक्ष, तसेच त्याच्या फांद्यांपासून व बियांपासून अन्यत्र वाढविलेले वृक्ष. थेरवादी (श्रीलंका व आग्नेय आशियात रूढ असलेल्या) बौद्ध परंपरेत पूज्य वस्तूंचे शारीरिक (अस्थिधातू), पारिभोगिक (बुद्धांनी वापरलेल्या वस्तू) आणि उद्देशिक (प्रतिमा) असे तीन वर्ग असून बोधिवृक्षाची गणना दुसऱ्या वर्गात होते. त्यामुळे तो केवळ ज्ञानाचे प्रतीक ठरत नाही, तर भिक्षापात्राप्रमाणे बुद्धांच्या प्रत्यक्ष सहवासातली वस्तू ठरतो. भारहूत आणि सांची येथील प्राचीन शिल्पांत बुद्धांची मानवी आकृती नाही. पिंपळ आणि त्याखालचे रिकामे आसन एवढ्यावरच शिल्पकाराने त्यांची उपस्थिती सूचित केली आहे.

राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर आपण ‘संबोधी’ला गेलो, असे सम्राट अशोकाने आठव्या शिलालेखात नोंदविले असून ही बोधगयेची यात्रा होय, असे बहुतेक अभ्यासक मानतात. (याच लेखाचा एक तुकडा महाराष्ट्रात सोपारा येथे मिळाला आहे.) मूळ झाड मात्र आज उभे नाही. गौडाधिपती (बंगालचा राजा) शशांकाने ते तोडले आणि मगधाच्या पूर्णवर्म्याने पुन्हा वाढविले, असे सातव्या शतकातील चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग सांगतो. शशांकाविषयी त्याचे मत मुळातच प्रतिकूल असल्याने हा वृत्तांत जपूनच घ्यावा लागतो. पुढे 1876 मध्ये जीर्ण झालेला वृक्ष वादळात कोसळला आणि 1881 मध्ये ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी त्याच जागी नवे रोप लावले.

या वृक्षाचा सर्वांत दीर्घ आणि अखंड इतिहास श्रीलंकेत आढळतो. ‘महावंस’ या पाली ग्रंथानुसार इ.स.पू. तिसऱ्या शतकात अशोकाची कन्या संघमित्रा हिने बोधिवृक्षाची दक्षिणेकडील शाखा समुद्रमार्गे नेली आणि राजा देवानंपिय तिस्स याने ती अनुराधपूरच्या महामेघवनात लावली. फांदी आपोआप सुटून सुवर्णपात्रात स्थिरावली, हा त्यातील भाग उघडच दंतकथेचा आहे. परंतु माणसाने लावलेल्या आणि लागवडीचा काळ ज्ञात असलेल्या वृक्षांत ‘जय श्री महाबोधी’ सर्वांत जुना मानला जातो. 1985 मध्ये तमिळ बंडखोरांनी अनुराधपूरवर केलेल्या हल्ल्यात या वृक्षाच्या परिसरातील भाविकही मारले गेले.

पुढे प्रवासाची दिशा उलटली. अनुराधपूरहून आणलेले रोप श्रीलंकेचे बौद्ध धर्मप्रचारक अनागारिक धर्मपाल यांनी 1931 मध्ये सारनाथला लावले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 1956 मध्ये जेथे धम्मदीक्षा घेतली, त्या नागपूरच्या दीक्षाभूमीवरील बोधिवृक्षही बौद्ध भिक्षू भदन्त आनंद कौसल्यायन यांनी अनुराधपूरहून आणलेल्या फांद्यांपासून वाढला आहे. मूर्ती घडवावी लागते आणि अवशेष वाटल्याने कमी होतात. वृक्षाची फांदी मात्र दुसरीकडे पूर्ण वृक्ष होते. बोधिवृक्षाच्या पावित्र्याचा विस्तार या साध्या वनस्पतिधर्मामुळे शक्य झाला.

पिंपळाचे पूज्यत्व बुद्धकाळाहूनही जुने आहे. मोहेंजोदडोच्या एका मुद्रेवर पिंपळाच्या पानांच्या कमानीत उभी असलेली आकृती व तिच्यापुढे गुडघे टेकलेला उपासक दिसतो. कठोपनिषदात आणि गीतेच्या पंधराव्या अध्यायात वर मुळे व खाली फांद्या असलेला अश्वत्थ येतो; मात्र गीतेतील अश्वत्थ हा संसाराचा विस्तार असून तो वैराग्याच्या शस्त्राने छेदायचा आहे, हा बोधिवृक्षाच्या कल्पनेशी असलेला विरोध सहसा दुर्लक्षिला जातो. महाराष्ट्रात श्रावणी शनिवारी अश्वत्थमारुतीचे पूजन होते, पिंपळाला पार बांधून प्रदक्षिणा घालतात, त्याची मुंजही लावतात. आणि त्याच झाडावर मुंजा राहतो, या समजुतीने तिन्हीसांजेला त्याखाली जाणे टाळतात.