बॉयलरच्या आधी चिमणीचं गणित

टॉवेलचं सूत रंगवायचं तर वाफ हवी, आणि वाफेसाठी बॉयलर. त्यामुळे सोलापुरात अक्कलकोट रोडला किंवा चिंचोळी एमआयडीसीत नवं डाईंग युनिट टाकताना पहिलं कोटेशन बॉयलरचंच येतं. ते ॲडव्हान्स देण्याआधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापनेची संमती हातात हवी. त्याशिवाय युनिट उभारता येत नाही, असं हवा प्रदूषणाच्या 1981 च्या कायद्यातलं कलम 21 सांगतं. काम उभं राहिलं की चालवण्याची संमती वेगळी घ्यायची. बाष्पके संचालनालयाची नोंदणी हा तिसरा विषय. ती झाली म्हणून धुराची परवानगी मिळाली असं होत नाही.

अर्जात सगळ्यात महत्त्वाच्या दोन गोष्टी : इंधन कोणतं, आणि तासाला किती. यावरून चिमणीची किमान उंची निघते. तासाला 300 किलो कोळसा, त्यात गंधक 0.5 टक्के धरा. गंधक झालं दीड किलो. जळताना ते तितक्याच वजनाचा ऑक्सिजन घेतं, म्हणजे सल्फर डायऑक्साइड झाला तासाला 3 किलो. या आकड्याचा 0.3 वा घात काढून त्याला 14 ने गुणायचं. उत्तर येतं सुमारे साडेएकोणीस मीटर. आता एक टक्का गंधकाचा स्वस्त कोळसा आणला तर वायू दुप्पट होतो, उंची मात्र चोवीस मीटरवर जाते. फरक साडेचार मीटरचाच, पण पाया आणि ताणाच्या तारा वीस मीटरच्या हिशेबाने टाकून झाल्यावर तो फार महाग पडतो. म्हणून अर्जात लिहिलेलं इंधन परस्पर बदलू नका. बदलायचं असेल तर संमतीत आधी दुरुस्ती करून घ्या. होटगी रोडच्या बाजूला जागा असेल तर उंचीसाठी विमानतळाचे नियमही आधीच तपासा. विमानांना अडथळा म्हणून 2023 मध्ये पाडलेली सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी शहराच्या लक्षात आहेच.

जनरेटरचं गणित सोपं आहे. त्याच्या क्षमतेच्या, म्हणजे केव्हीएच्या आकड्याचं वर्गमूळ काढा, 0.2 ने गुणा आणि तेवढे मीटर इमारतीच्या उंचीत मिळवा. 100 केव्हीएला छताच्या वर 2 मीटर.

चिमणीतून नमुना घ्यायचं भोक, म्हणजे पोर्टहोल, ही जागा सर्रास चुकते. वेल्डर हाताला सोपं जाईल तिथे, डक्टच्या, म्हणजे धुराच्या नळाच्या बाकाला (वळणाला) लागूनच ते पाडतो. बाकाजवळ धूर वळतो, पण राखेचे जड कण सरळ जाऊन बाहेरच्या भिंतीकडे गोळा होतात. एका बाजूला राख दाट, दुसरीकडे विरळ. तिथला आकडा कधी उगाच जास्त येतो, कधी फसवा कमी. शेवटच्या बाकापासून व्यासाच्या आठपट वर आणि चिमणीच्या टोकापासून दुप्पट खाली, ही योग्य जागा. व्यास अर्धा मीटर असेल तर बाकापासून 4 मीटर वर, टोकापासून 1 मीटर खाली. तिथे शिडी आणि कठडा असलेला मजबूत प्लॅटफॉर्म हवाच. नमुना घेणारा माणूस वर तासभर उभा असतो, त्याचा जीव महत्त्वाचा.

राख पकडायला छोट्या युनिटमध्ये सायक्लोन, म्हणजे धूर गोल फिरवून राख खाली पाडणारं नळकांडं, बसवतात. 10 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे कण तो बऱ्यापैकी पकडतो. फुप्फुसात खोल जाणारे 2.5 मायक्रॉनचे कण बहुतेक निसटतात. ते अडवायला बॅग फिल्टर, म्हणजे कापडी पिशव्यांची गाळणी लागते. पण पॉलिएस्टरच्या पिशव्या साधारण 130 अंशांच्या वर टिकत नाहीत, आणि लाकूड किंवा ब्रिकेटची (दाबून केलेल्या भुशाच्या कांड्यांची) ठिणगी पिशवीला भोक पाडते. म्हणून आधी सायक्लोन, मग धूर थंड करायची सोय, त्यानंतर पिशव्या.

सायक्लोन नवा असूनही चिमणी धुरकट दिसत असेल तर आधी खालचा एअरलॉक, म्हणजे राख बाहेर सोडणारी पण हवा आत येऊ न देणारी झडप, बघा. धूर ओढून चिमणीत ढकलणाऱ्या पंख्यामुळे (आयडी फॅन) आत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. एअरलॉकचं रबर झिजलं की बाहेरची हवा तिथून आत घुसते आणि खाली साठलेली राख पुन्हा उचलून चिमणीत नेते. बॉयलर चालू असताना सांध्याजवळ अगरबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर गळती तिथेच आहे. रबर बदलायला एक दुपार पुरते.