अक्षर हाताला आठवतं

चिनी भाषेत एक चार चिन्हांचा शब्दप्रयोग आहे, 'थी-पी वांग-त्स'. अर्थ असा, की लेखणी उचलली आणि अक्षर विसरलं. 'शिंक' या शब्दातलं एक चिन्ह यासाठी चांगलंच बदनाम आहे. शब्द रोजचा, पण चिन्हात फराटे डझनाहून जास्त. वाचताना कोणी अडत नाही. कागदावर काढायची वेळ आली की चांगले शिकलेले लोकही अर्ध्यात थबकतात. फोनवर चिनी लिहिताना बहुतेक जण रोमन अक्षरांत उच्चार टाइप करतात आणि समोर आलेल्या चिन्हांतून हवं ते निवडतात. त्यात डोळ्याचा सराव चालू राहतो, हाताचा तुटतो. जपानीत अशा माणसाला 'वापुरो बाका' म्हणत, म्हणजे वर्ड प्रोसेसर वापरून मठ्ठ झालेला.

लिहिण्याविषयीचे असले अडनिडे शब्द टिपून ठेवायचा मला नाद आहे. सुरुवातीला नुसती गंमत होती. वही भरत गेली तसं लक्षात आलं, की यातले बरेचसे शब्द अक्षर दिसतं कसं याविषयी नाहीतच, ते हात कसा चालतो याविषयी आहेत.

जपानीतलाच दुसरा शब्द बघा, 'कूशो'. हवेत लिहिणं. एखादं चिन्ह आठवेना की बोट आपसूक हवेत किंवा तळहातावर फिरायला लागतं. १९८०च्या दशकात तिथल्या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना चिन्हांचे सुटे भाग दिले आणि ते मनातल्या मनात जोडून कोणतं चिन्ह होतं ते विचारलं. बोट हलवायची मनाई केली की बरोबर उत्तरं कमी यायची. हे हजारो चिन्हांच्या लिपीतच होतं असं नाही. 'ज्ञ' लिहिताना पहिली रेघ कुठून कुठे जाते, हे हात मांडीवर ठेवून नुसतं तोंडाने सांगून बघा. माझा तर हात उठतोच.

डोळ्याची आठवण आणि हाताची आठवण मेंदूत किती वेगळ्या असू शकतात, हे फ्रेंच मेंदूविकारतज्ज्ञ ज्यूल देजेरिन यांनी १८९२ साली एका रुग्णावरून दाखवलं. गृहस्थ शिकलेले, बोलणं व्यवस्थित. अचानक त्यांना वाचता येईना. अक्षरं दिसत होती, पण नुसत्या आकृत्या म्हणून. कोणतं अक्षर ते लागत नव्हतं. लिहिणं मात्र शाबूत होतं. मजकूर सांगितला की ते सरळ लिहून देत, मनानेही लिहीत, आणि तोच कागद थोड्या वेळाने त्यांच्यापुढे धरला तर त्यांना एक ओळ वाचता येत नसे. या अवस्थेचं नाव 'अग्राफियाविना अलेक्सिया'. ग्रीकमधून घडवलेले हे शब्द. अलेक्सिया म्हणजे वाचन हरवणं, अग्राफिया म्हणजे लेखन हरवणं.

मृत्यूनंतर मेंदू तपासला तेव्हा डाव्या अर्ध्या भागातलं मागचं दृष्टीचं क्षेत्र आणि दोन अर्ध्यांना जोडणाऱ्या पुलाचा मागचा टोकाचा भाग निकामी झालेला आढळला. मेंदूच्या उजव्या अर्ध्याला दिसलेलं डावीकडच्या भाषेच्या भागापर्यंत पोचायला वाटच उरली नव्हती. भाषेकडून हाताकडे जाणारी वाट चालू होती. त्यातही त्या गृहस्थांना एक मागचं दार सापडलं होतं. ते अक्षरावरून बोट फिरवत आणि मग अक्षर ओळखत. देजेरिन यांच्या नोंदींतला हा तपशील मला सगळ्यांत जास्त आवडतो.

बरं, हाताची आठवण म्हणजे बोटांची आठवण का? तेही नाही. अमेरिकेतल्या मार्क रायबर्ट यांनी १९७७ साली एकच वाक्य पाच तऱ्हांनी लिहून पाहिलं: उजव्या हाताने, मनगट बांधून, डाव्या हाताने, पेन दातात धरून आणि पायाला बांधून. पायाचं लिखाण डुगडुगतं होतं, पण पाचही ओळी एकाच माणसाच्या आहेत हे ओळखू येतं. मेंदूत साठलेली असते ती हालचालीची आखणी. ती कोणत्या स्नायूंनी पार पाडायची हे नंतर ठरतं. म्हणून तर वहीतली सही आणि खडूने फळ्यावर खांद्यापासून हात फिरवून केलेली सही सारखीच येते.

जुनी हस्तलिखितं अभ्यासणारे या आखणीला 'डक्टस' म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'नेणं'. एका अक्षरात फराटे किती, कोणत्या क्रमाने, कोणत्या दिशेने, हे सगळं त्यात आलं. मराठीत आपण 'वळण' म्हणतो आणि ते मला जास्त नेमकं वाटतं. शिवाय 'अक्षर' हा शब्द आपण चिन्हालाही वापरतो आणि हस्ताक्षरालाही, दोन्ही एकच असल्यासारखा. खोटी सही बहुधा वळणातच पकडली जाते. नक्कल करणारा सहीचं चित्र काढतो. आकार जुळतो, पण रेघ संथ, कापरी, पेन नको तिथे उचललेलं. खऱ्या सहीत वेग असतो.

हस्ताक्षरावरून स्वभाव सांगणाऱ्यांचा दावा मात्र तपासण्यांत टिकलेला नाही. आजार वेगळी गोष्ट. 'मायक्रोग्राफिया' हे पार्किन्सन आजाराचं एक लक्षण आहे, त्यात अक्षर बारीक होतं आणि पुष्कळदा ओळ पुढे सरकेल तसं आणखी आक्रसत जातं.

आणि माझा सगळ्यांत लाडका शब्द, 'बूस्ट्रोफेडॉन'. ग्रीकमध्ये याचा अर्थ बैलासारखं वळणं. नांगराचा बैल तास संपलं की फिरून उलटा येतो, तशी एक ओळ डावीकडून उजवीकडे, पुढची उजवीकडून डावीकडे. क्रीट बेटावर गॉर्टिन इथल्या भिंतीवर इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातले कायदे असेच कोरलेले आहेत, आणि उलट्या ओळीत अक्षरंही आरशातल्यासारखी फिरवलेली आहेत. लहान मुलं असं उलटं अक्षर सर्रास काढतात. चेहरा डावीकडून दिसो की उजवीकडून, माणूस तोच, हे मेंदूला आधीपासून ठाऊक असतं; अक्षराच्या बाबतीत ही सवय मोडावी लागते.

प्रशांत महासागरातल्या रापा नुई, म्हणजे ईस्टर बेटावर याचा आणखी एक प्रकार सापडतो. 'रोंगोरोंगो' चिन्हं कोरलेल्या जेमतेम दोन डझन लाकडी वस्तू उरल्या आहेत. त्यांत दर दुसरी ओळ उलटी, डोकं खाली पाय वर. म्हणजे ओळ संपली की फळी हातात अर्धी फिरवायची आणि पुढे चालायचं. हात कुठून कुठे जात होता, फळी कधी फिरत होती, हे आज सांगता येतं. त्यावर काय लिहिलंय ते अजून कोणालाही वाचता आलेलं नाही.