कारखान्यात प्रायव्हेट ५जी: व्यवस्थापनापुढे प्रस्ताव ठेवण्याआधी

प्लांटमध्ये प्रायव्हेट ५जी, म्हणजे फक्त प्लांटपुरते स्वतंत्र मोबाइल नेटवर्क, हवे असे ज्यांना वाटते, पण सही मालकांची किंवा प्लांट हेडची लागते, अशा मेंटेनन्स, प्रॉडक्शन आणि आयटीमधल्या मंडळींसाठी हे पत्रक आहे.

प्रस्तावाच्या पहिल्या पानावर वेग लिहू नका. 'सेकंदाला एक गिगाबिट' वाचून प्लांट हेडचे काही हलत नाही. लाइन आज किती मिनिटे थांबते आणि त्यातली किती वाचतील, एवढेच त्यांना कळायला हवे असते. त्यामुळे काम कोटेशनपासून नाही, वहीपासून सुरू होते.

दोन आठवड्यांची वही

एजीव्ही (माल नेणारी चालकाविना गाडी) अडकली, स्कॅनर लटकला, टॅबलेट 'रिकनेक्टिंग' दाखवू लागला, की प्रत्येक वेळी पाच गोष्टी लिहा: वेळ, जवळचा खांब क्रमांक, गाडी किंवा उपकरणाचा क्रमांक, किती मिनिटे गेली आणि त्यामुळे लाइन खरोखर थांबली का. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. समजा एजीव्ही एका शिफ्टमध्ये ६ वेळा, दर वेळी ४ मिनिटे थांबतात. तीन शिफ्टची ७२ मिनिटे झाली. पण लाइनपाशी २० मिनिटांचा माल पडून असेल तर ४ मिनिटांचा थांबा लाइनला जाणवतही नाही. सगळी ७२ मिनिटे बचतीत धरली, तर फायनान्सवाले पहिल्याच बैठकीत ती खोडतात आणि मग तुमच्या खऱ्या आकड्यांवरही कुणाचा विश्वास राहत नाही.

खांब क्रमांक लिहिला की दुखणे कुठले तेही कळते. गाड्या नेहमी एकाच जागी थांबत असतील तर तिथे सिग्नल तुटतो किंवा वाय-फायच्या एका ॲक्सेस पॉइंटवरून (सिग्नल देणाऱ्या डब्यावरून) दुसऱ्यावर जाताना गाडी अडते. सगळीकडे, पण शिफ्ट बदलतानाच थांबत असतील तर गर्दी आहे: २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, आणि त्यावर शेकडो मोबाइल. अशा वेळी आधी स्वस्त उपाय करा. गाड्या ५ गिगाहर्ट्झवर न्या, त्यांचे नेटवर्क नाव वेगळे ठेवा, ॲक्सेस पॉइंटची पॉवर कमी करा, फास्ट रोमिंग (एका ॲक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर झटकन जाण्याची सोय) गाडी आणि ॲक्सेस पॉइंट, दोन्हीकडे चालू करा. एवढ्याने भागले तर प्रायव्हेट नेटवर्क घेऊ नका. वेल्डिंगमुळे वायरलेस बिघडते, हेही सारखे ऐकू येते. वेल्डिंगचा आणि ड्राइव्हचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्राचा) त्रास मुख्यतः खालच्या फ्रिक्वेन्सींना आणि शील्ड नसलेल्या केबलना होतो. २.४ गिगाहर्ट्झला कँटीनमधला मायक्रोवेव्ह जास्त छळतो.

मग हवे कधी?

गाड्या एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये, मधल्या यार्डातून जात असतील तेव्हा. वाय-फायमध्ये जुना ॲक्सेस पॉइंट कधी सोडायचा हे उपकरण ठरवते, आणि पुष्कळ उपकरणे तो शेवटपर्यंत धरून बसतात. सेल्युलरमध्ये हे नेटवर्क ठरवते. शिवाय बँड (फ्रिक्वेन्सींचा पट्टा) परवान्याचा, म्हणजे शेजारच्या कंपनीचा राउटर त्यात घुसत नाही.

चाकणला महिंद्राच्या प्लांटमध्ये नोव्हेंबर २०२२ मध्ये एअरटेल आणि टेक महिंद्राने असे नेटवर्क उभारल्याचे जाहीर झाले. तिथे पुढे ठेवलेले मुख्य काम होते तयार झालेल्या वाहनात सॉफ्टवेअर भरण्याचे, जे प्रत्येक वाहन बाहेर पडण्याआधी करावेच लागते. प्रस्तावासाठी असेच एक काम निवडा. दहा उपयोगांची यादी दिली की एकही नीट तपासला जात नाही.

कॅमेऱ्यांच्या बाबतीत मात्र आधी गुणाकार करा. देखरेखीचे ८ कॅमेरे, प्रत्येकी ४ मेगाबिट, मिळून ३२ मेगाबिट: चालेल. पण तपासणीचा ५ मेगापिक्सेलचा एकच कॅमेरा, ८ बिट, सेकंदाला १० फोटो, कॉम्प्रेस न करता पाठवले तर सेकंदाला ४०० मेगाबिट. तो केबलवरच ठेवा. जाहिरातीतला वेग डाउनलोडचा असतो, कारखान्याला हवा असतो अपलोड, आणि नेहमीच्या मांडणीत दर पाच स्लॉटपैकी (वेळेच्या तुकड्यांपैकी) अपलोडच्या वाट्याला जेमतेम एक येतो. कोटेशनमध्ये अपलोडचा आकडा वेगळा मागा.

सामान, आणि कुठे बिघडते

कोअर सर्व्हर (नेटवर्कचा मेंदू), बेसबँड (रेडिओंचे सिग्नल हाताळणारा डबा), रेडिओ, त्यांना जोडणारी फायबर, वेळ जुळवण्यासाठी जीपीएस अँटेना, सिम आणि प्रत्येक यंत्रावरचा इंडस्ट्रियल राउटर. वाय-फायचे १५-२० ॲक्सेस पॉइंट लागणाऱ्या शेडला साधारण ३ ते ५ रेडिओ पुरतात. प्रेस शॉपला किंवा उंच रॅकच्या गोदामाला हे गणित लावू नका.

सर्व्हे सुट्टीच्या दिवशी उरकण्याचा मोह होतो. पिंपरी-चिंचवडमध्ये गुरुवारी शेड रिकामी मिळते, क्रेन एका टोकाला उभी असते, रॅक अर्धे मोकळे. त्या दिवशीचा नकाशा सुंदर येतो आणि सोमवारी खोटा ठरतो. रॅक भरलेले आणि क्रेन चालू असतानाच मोजा.

वीज गेली की जनरेटर १०-१५ सेकंदांत येतो, पण रेडिओ आणि कोअर पुन्हा उभे राहायला कित्येक मिनिटे जातात. यूपीएस फक्त सर्व्हर रूमला देऊन चालत नाही, छताखालच्या रेडिओंना आणि त्यांच्या स्विचलाही द्या.

खर्चाचा अंदाज सर्वांत जास्त चुकतो तो राउटरमध्ये. जुन्या एजीव्हीत वाय-फाय कार्ड असते, सिमची जागा नसते. बाहेरून २४ व्होल्टचा राउटर बसवावा लागतो आणि अँटेना पत्र्याच्या पॅनेलबाहेर काढावा लागतो. आत ठेवला तर सगळी मेहनत वाया. वॉरंटी टिकेल का, हे एजीव्हीच्या कंपनीकडून आधी लेखी घ्या.

पीएलसी (यंत्र चालवणारा कंट्रोलर) प्रोफिनेटवर, म्हणजे कारखान्यातल्या यंत्रांच्या खास नेटवर्क पद्धतीवर, असेल तर आणखी एक अडचण. प्रोफिनेटची फ्रेम आयपीशिवाय धावते, ५जी मात्र सहसा आयपीच नेते, म्हणून मध्ये टनेल (ती फ्रेम आयपीत गुंडाळून नेण्याची सोय) लागतो. अपडेट टाइम (दर किती वेळाने डेटा यायला हवा तो) २ मिलिसेकंद आणि तीन चुका माफ, म्हणजे ६ मिलिसेकंदांत संपर्क तुटला असे धरले जाते. ५जीवर जाऊन यायलाच १०-२० लागू शकतात. अपडेट टाइम ३२ मिलिसेकंद केला तर ९६ पर्यंत मुभा मिळते. ते प्रक्रियेला चालेल का, हे ऑटोमेशन इंजिनिअरला विचारा. इमर्जन्सी स्टॉप गाडीवरच वायरने जोडलेला असू द्या.

परवाना

दूरसंचार विभागाने जून २०२२ मध्ये कॅप्टिव्ह खासगी नेटवर्कची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत चार वाटा आहेत: ऑपरेटरच्या सार्वजनिक नेटवर्कचा राखीव भाग घेणे, ऑपरेटरकडून प्लांटपुरते वेगळे नेटवर्क उभारून घेणे, ऑपरेटरकडून स्पेक्ट्रम (फ्रिक्वेन्सी वापरण्याचा हक्क) भाड्याने घेणे, किंवा तो थेट सरकारकडून मिळवणे. मध्यम आकाराच्या कारखान्याला पहिल्या दोनच सोयीच्या. दुसरी घेताना एक प्रश्न विचारा: बाहेरची लाइन तुटली तर आतले नेटवर्क चालू राहील का? कोअर प्लांटमध्ये असेल तरच राहील.

तुमची मूळ कंपनी जर्मनीत असली, तरी तिथला रेडिओ इथे आणून लावता येत नाही. तिकडे कारखान्यांना ३.७ ते ३.८ गिगाहर्ट्झ स्थानिक परवान्यावर मिळतो, तो परवाना इथे लागू नाही. बाजारातले सिग्नल बूस्टरही परवानगीशिवाय बसवणे बेकायदा आहे.

ट्रायल

एक मार्ग, दोन गाड्या, चार आठवडे, आणि तीच वही. पास-नापास आधी लिहून ठेवा. सरासरी विलंब मान्य करू नका. हजारात एखादे पॅकेट अर्धा सेकंद उशिरा आले तरी सरासरी छान दिसते, आणि गाडी मात्र त्याच पॅकेटवर थांबते. सर्वांत वाईट आकडा मागा, तोही तीन शिफ्टचा.

आमच्याकडे चौकशी करताना खांब क्रमांकांसह लेआउट, शेडची उंची, यंत्रांची यादी (कशात सिम बसते, कशात नाही) आणि वहीची झेरॉक्स पाठवा. वही नसेल तर कोरा नमुना आम्ही देतो.