अळवावरचं पाणी आणि केळीचा धागा

केळीचं झाड घड एकदाच देतं. तो उतरवला की जळगाव-रावेरच्या शिवारात खोड कापून बांधावर टाकतात. त्या खोडातून चिवट, चमकदार धागा निघतो. त्यापासून म्हणे ‘मातीत विरघळणारं प्लास्टिक’ बनतं. असा संदेश मला आठवड्यात तिघांनी पाठवला. धागा खरा आहे, विरघळणं नाही.

प्लास्टिकमध्ये धागा घालतात तो ताकदीसाठी, कुडाच्या भिंतीसाठी चिखलात गवत तुडवतात तसा. पाण्याची घनता १ धरली तर काचधाग्याची २.५, तर ताग, अंबाडी, जवस यांच्या धाग्यांची जेमतेम दीड. मोटारीच्या दाराच्या आतल्या बाजूला म्हणूनच ते पसंत पडतात.

पण धागा आणि प्लास्टिक यांचं मुळात जमत नाही. धागा म्हणजे मुख्यतः सेल्युलोज, साखरेच्या रेणूंची लांब साखळी. त्या साखळीवर जागोजागी हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, म्हणून त्याला पाण्याची ओढ. पॉलिप्रॉपिलीन या नेहमीच्या प्लास्टिकमध्ये नुसता कार्बन आणि हायड्रोजन. ते तेलाच्या कुळातलं. वितळलेलं प्लास्टिक धाग्याला धरतच नाही, अळवावरच्या पाण्यासारखं. असा तुकडा मोडून भिंगाखाली पाहा: एका बाजूला स्वच्छ, उघडे धागे आणि समोर त्यांची गोल रिकामी भोकं. धागे तुटलेच नाहीत, नुसते उपसून आले! म्हणजे ओझं त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. ते पोचतं दोघांच्या सांध्यातून, आणि इथे सांधाच कच्चा.

यावर उपाय आहे मॅलेइक अनहायड्राइड हे छोटं रसायन जोडलेलं पॉलिप्रॉपिलीन. थोडंसंच पुरतं. त्याचा अनहायड्राइड गट धाग्यावरच्या हायड्रॉक्सिलशी एस्टर नावाचा रासायनिक बंध जुळवतो आणि लांब शेपूट आजूबाजूच्या प्लास्टिकमध्ये गुंतून बसतं. हा दोघांना सांधणारा रेणू मला फार आवडतो. मात्र धागा आधी नीट वाळवावा लागतो, नाहीतर वाफेचे बुडबुडे होतात. तापमानही २०० अंशांच्या फार वर नेता येत नाही, धागा करपतो. पॉलिप्रॉपिलीन १६५ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून ते सोयीचं.

आता विरघळण्याचं. पूर्व जर्मनीत १९५७पासून ट्राबांट मोटार बनू लागली. पोलादाची टंचाई होती, म्हणून तिचे बाहेरचे पत्रे कापसाचा टाकाऊ धागा फिनॉलच्या रेझिनमध्ये, म्हणजे एकदा घट्ट झालं की पुन्हा न वितळणाऱ्या प्लास्टिकमध्ये, दाबून केलेले. ते गंजत नसत, पण भंगारात गेल्यावर ना वितळत, ना कुजत. कापूस असूनही! केळीचा धागा घातलेलं पॉलिप्रॉपिलीनही मातीत पॉलिप्रॉपिलीनच राहतं. कुजवायचं तर प्लास्टिकच बदलायला हवं, उदाहरणार्थ पॉलिलॅक्टिक आम्ल हे वनस्पतींच्या साखरेपासून केलेलं प्लास्टिक. आणि तेही नीट कुजतं ते साठेक अंश तापलेल्या कंपोस्टमध्ये, परसातल्या खड्ड्यात नाही.