रेडिओतली शिट्टी आणि सहासष्टचा पाढा

आमच्या आईला सकाळी ७ वाजून १० मिनिटांच्या पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्या लागतातच, आणि त्याही किचनमधल्या जुन्या ट्रान्झिस्टरवर, मीडियम वेव्ह ७९२ किलोहर्ट्झ. दिवाळीत फलटणला घरी गेलो तर बातम्यांच्या मागे एक बारीक शिट्टी ऐकू येत होती, आणि शेजारच्या काकांनी निकाल आधीच देऊन ठेवलेला, "समोर मोबाईलचा टॉवर झालाय ना, त्याचं रेडिएशन." हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की म्हटलं एकदा लिहूनच काढू. मोबाईलचा टॉवर साधारण ७०० मेगाहर्ट्झच्या वर काम करतो, म्हणजे आईच्या स्टेशनच्या जवळजवळ हजारपट फ्रिक्वेन्सीवर, त्यामुळे पहिला संशय घरातल्या वस्तूंवरच घ्यायचा.

तपासायची रीत सोपी आहे. रेडिओ सेलवर लावायचा, मेन स्विच पाडायचा आणि ऐकायचं. मी पाडला तर शिट्टी चालूच! काका खूश. पाच मिनिटांनी डोक्यात आलं की अरे, इन्व्हर्टर आहे घरात, मेन गेला तरी अर्धं घर त्याच्यावर चालतंय. तोही बंद केला आणि ७९२ एकदम स्वच्छ, निवेदिकेचा श्वाससुद्धा ऐकू यायला लागला.

आता एकेक प्लग काढत गेलं की चोर सापडतोच, पण मला त्याआधी एक गोष्ट बघायची होती. सगळं परत चालू केलं आणि माझ्याकडचा डिजिटल रेडिओ एक एक किलोहर्ट्झने सरकवत गेलो. शिट्टी फक्त ७९२ ला नव्हती. ५९४ च्या आसपास, मग ६६०, ७२६, ७९२, ८५८. दर ६६ ला एक! हा सहासष्टचा पाढा आहे, आणि सहासष्ट बारे सातशे ब्याण्णव.

हे का होतं ते सांगतो, कारण मला यातलं सगळ्यात आवडतं ते हेच. पूर्वीचे अ‍ॅडॅप्टर जड असायचे, आत तांब्याची गुंडाळी आणि लोखंड. आताचे हलके असतात कारण ते २३० व्होल्टचा एसी आधी सरळ करून सव्वातीनशे व्होल्टच्या आसपासचा डीसी बनवतात आणि मग एक ट्रान्झिस्टर तो डीसी सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो, आमच्या केसमध्ये ६६ हजार वेळा. फ्रिक्वेन्सी वाढली की ट्रान्सफॉर्मर लहान चालतो, म्हणून हा खटाटोप. पण चालू-बंद म्हणजे लहर गोल न राहता चौकोनी झाली, आणि फूरिए या फ्रेंच गणितज्ञाने (उष्णतेवरच्या १८२२ च्या पुस्तकात) दाखवलंय की अशी कडा असलेली लहर म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सी आणि तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा साध्या लहरींची बेरीज असते. वरच्या पटी हळूहळू क्षीण होतात, पण बारावी पट अजून पुरेशी जिवंत असते आणि घरातलं वायरिंग तिच्यासाठी फुकटची अँटेना बनतं. आता अ‍ॅडॅप्टर जरा गरम झाला आणि ६६,००० च्या जागी ६६,१०० झाला तर बाराव्या पटीत तो फरक १,२०० हर्ट्झ होतो, तो स्टेशनच्या लहरीत मिसळला की स्पीकरमधून येणारी शिट्टी बरोबर १,२०० हर्ट्झची! म्हणूनच सकाळी तिचा सूर हळूहळू बदलत जायचा. शिट्टीऐवजी एकसारखी घरघर असती तर मी आधी पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बघितला असता, तो ५० हर्ट्झच्या प्रत्येक अर्ध्या फेरीत एकदा झटका देतो, म्हणजे सेकंदाला १०० वेळा.

सहासष्टवाला निघाला वायफाय राउटरचा स्वस्तातला अ‍ॅडॅप्टर, जो इन्व्हर्टरवरच होता. मूळचा जळाला म्हणून भावाने बाजारातून आणलेला. असल्या अ‍ॅडॅप्टरमध्ये गोंगाट अडवणारी कॉइल आणि कपॅसिटर पैसे वाचवायला गाळलेले असतात.

काकांनी तोपर्यंत मोबाईलच्या मागे लावायचं अँटी-रेडिएशन स्टिकर आणून दाखवलं. त्यांना म्हटलं, काका, याने खरंच लहरी अडल्या असत्या तर तुमच्या फोनची रेंज गेली असती, आणि तुम्ही आत्ता याच फोनवरून बोललात. लोकांच्या भीतीवर असले कागदाचे तुकडे विकतात याचा मला मनापासून राग येतो.

चांगला अ‍ॅडॅप्टर मिळेपर्यंत फेराइटच्या (गोंगाट अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाच्या) रिंगमधून या स्वस्तातल्याच्याच वायरचे आठ वेढे घेतले. वायरवर फेराइटची नुसती क्लिप अडकवून, म्हणजे एकच वेढा, मीडियम वेव्हला फारसा फरक पडत नाही, कारण परिणाम वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, आठ वेढे म्हणजे चौसष्ट पट. शिट्टी इतकी बारीक झाली की आईने दुसऱ्या दिवशी विचारलं, काढलास का तो डबा?