‘पहिला’ आणि ‘एकमेव’: जर्मन बचावपटूविषयीचा गैरसमज

‘खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी फुटबॉल विश्वचषक जिंकणारा जगातला पहिला आणि एकमेव माणूस म्हणजे पश्चिम जर्मनीचा बचावपटू फ्रान्झ बेकेनबाउअर.’ हा मजकूर गेली कित्येक वर्षं फिरतो आहे.

त्यातला बराचसा भाग खरा आहे. 1974 मध्ये म्युनिकला नेदरलँड्सला 2-1 हरवणाऱ्या संघाचा तो कर्णधार होता. 1990 मध्ये रोमला तो प्रशिक्षक असलेल्या संघाने 85व्या मिनिटाच्या पेनल्टीवर अर्जेंटिनाला हरवलं. सगळे जल्लोषात असताना गळ्यात पदक घालून तो मैदानावर एकटाच फिरत होता. ते दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. शिवाय 1966 ला खेळाडू म्हणून आणि 1986 ला प्रशिक्षक म्हणून तो अंतिम सामना हरलाही होता. मला तर हे जास्त मोठं वाटतं.

चूक आहे ती ‘पहिला’ या शब्दात. ब्राझीलचा डावा विंगर (डाव्या कडेने आक्रमण करणारा खेळाडू) मारियो झागालो 1958 आणि 1962 चे विश्वचषक जिंकला आणि 1970 ला मेक्सिकोत इटलीला 4-1 हरवणाऱ्या संघाचा प्रशिक्षक होता. म्हणजे बेकेनबाउअरच्या वीस वर्षं आधी. ‘एकमेव’ही आता उरलं नाही: फ्रान्सच्या 1998 च्या विजेत्या संघाचा कर्णधार दिदिए देशाँ 2018 ला विजेता प्रशिक्षक ठरला.

मूळ वाक्य बहुधा ‘कर्णधार आणि प्रशिक्षक म्हणून पहिला’ असं असावं, आणि ते बरोबरच आहे. पुढे पाठवताना ‘कर्णधार’ गळला की अर्थ बदलतो.

पडताळायचं असेल तर विजेत्या प्रशिक्षकांची यादी घ्या आणि प्रत्येक नाव आधीच्या विजेत्या संघांत शोधा. दहा मिनिटांचं काम आहे.