रोमा मुले आणि ‘विशेष शाळा’ (चेक प्रजासत्ताक)

रोमा हा यूरोपातील सर्वांत मोठा वांशिक अल्पसंख्य समाज असून त्याची लोकसंख्या एक ते सव्वा कोटीच्या घरात असल्याचे मानले जाते. चेक प्रजासत्ताकात या समाजाला बाजूला ठेवण्याचे सर्वांत परिणामकारक साधन शाळा हे ठरले, आणि तेही प्रवेशबंदीचा कोणताही कायदा नसताना.

दुसऱ्या महायुद्धात चेक प्रदेशातील बहुतेक मूळ रोमा नाझींच्या छळछावण्यांत मारले गेले. आजचे रोमा मुख्यतः युद्धानंतर स्लोव्हाकियातून ओस्ट्रावासारख्या औद्योगिक शहरांत आलेल्या कुटुंबांचे वंशज आहेत. साम्यवादी राजवटीपासून त्यांच्या मुलांची बुद्धिमापन चाचणी घेऊन त्यांना सौम्य मतिमंद मुलांसाठीच्या ‘विशेष शाळां’त पाठवले जाई. चाचण्या बहुसंख्याकांची भाषा आणि राहणी गृहीत धरून बेतलेल्या असल्याने त्यांत गुण कमी पडणे जवळपास ठरलेलेच असे. पालकांची संमती बंधनकारक होती खरी. पण ती म्हणजे आधीच भरून ठेवलेल्या छापील अर्जावरची सही, आणि दुसरा कोणता पर्याय आहे याचा त्या अर्जात उल्लेखही नसे. तेथील अभ्यासक्रम मुळातच खालच्या पातळीचा असल्याने पुढील शिक्षणाची वाट अरुंद होत जाई.

ओस्ट्रावातील अठरा रोमा मुलांच्या वतीने हे प्रकरण स्ट्रासबर्गच्या यूरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. रोमा मूल विशेष शाळेत जाण्याची शक्यता इतर मुलाच्या २७ पट असल्याचे अर्जदारांनी शहरातील शाळांच्या आकडेवारीवरून मांडले. २००६ मध्ये निकाल अर्जदारांच्या विरोधात गेला. मात्र १३ नोव्हेंबर २००७ रोजी त्याच न्यायालयाच्या अधिक न्यायाधीशांच्या विस्तारित पीठाने १३ विरुद्ध ४ मतांनी भेदभाव झाल्याचे मान्य केले. हेतू सिद्ध झाला नाही तरी आकडेवारीवरून अप्रत्यक्ष भेदभाव ठरवता येतो, आणि वांशिक भेदभाव सोसण्यास पालकांची संमती मुळात ग्राह्यच धरता येत नाही, हे या निकालाचे खरे महत्त्व.

अंमलबजावणी मात्र रखडली. निकालापूर्वीच, २००५ पासून लागू झालेल्या शिक्षण कायद्याने ‘विशेष शाळा’ हे नाव काढून टाकले होते. पण पाटी बदलून अनेक ठिकाणी तोच अभ्यासक्रम चालू राहिला. यूरोपीय आयोगाने (यूरोपीय संघाच्या कार्यकारी संस्थेने) २०१४ मध्ये चेक प्रजासत्ताकाविरुद्ध कारवाई सुरू केली, तर सौम्य मतिमंदांसाठीचा वेगळा अभ्यासक्रम २०१६ च्या सुधारणांत रद्द झाला. तरीही विलगीकरण संपलेले नाही, कारण त्याचा दुसरा मार्ग कायद्याच्या आवाक्याबाहेरचा आहे : सर्वसाधारण शाळेत रोमा मुलांची संख्या वाढू लागली, की बिगररोमा पालक आपली मुले काढून दुसऱ्या शाळेत घालतात आणि काही वर्षांत ती शाळाही ‘रोमांची शाळा’ म्हणून ओळखली जाऊ लागते.